अत्तरासाठी काढलेला पिण्याचा परवाना

मी दारू पीत नाही. हे वाक्य गेल्या दोन वर्षांत मी इतक्या लोकांना सांगितलंय, की आता ते म्हणायला तोंड उघडलं की समोरचा माणूस पुढं वाकून वास घेतो. चहासुद्धा मी दोन वेळाच पितो. तरीही माझ्या पाकिटात सरकारी शिक्क्याचा, माझा फोटो चिकटवलेला, पिण्याचा आजन्म परवाना आहे आणि शिरूरपासून कवठे येमाईपर्यंत तो ठाऊक नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही.

हे सगळं माझ्या छंदामुळं झालं असं आमच्या सोसायटीचं मत आहे. ते साफ चूक आहे. छंदाचा काडीचाही दोष नाही. दोष माणसांचा आहे आणि तो मी नावानिशी सांगणार आहे.

मी पुरुषांची विलायती अत्तरं जमवतो. जमवतो म्हणजे जमवतो, अंगावर ओतत नाही. पोस्टाची तिकिटं जमवणारी माणसं असतात. त्यांच्या घरी जाऊन कुणी ‘एक द्या हो, पाकिटाला लावायचंय’ असं म्हणत नाही. जुनी नाणी जमवणाऱ्याकडं कुणी सुटे मागत नाही. माझ्याकडं मात्र जो येतो तो उंबऱ्यातच मनगट पुढं करतो. ‘जरा मारा की.’ मी रांजणगावच्या एका कंपनीत स्टोअरकीपर आहे, सलूनवाला नाही. पण हे कळायला समोरच्याला थोडी तरी लाज लागते.

तेवीस बाटल्या होत्या माझ्याकडं. उजेडानं आणि उष्म्यानं अत्तर बिघडतं, म्हणून त्या गोदरेजच्या कपाटातल्या लॉकरमध्ये ठेवल्या होत्या. त्यामुळं आमच्या हिचं गंठण तुरीच्या डब्यात गेलं. ही, म्हणजे साधना, त्याबद्दल मला काही बोलली नाही. ती फक्त आल्यागेल्याला सांगायची, “आमच्या ह्यांना बाटल्यांचा नाद आहे,” आणि पुढचं वाक्य बोलायचीच नाही. पुढचं लोक आपापल्या मगदुराप्रमाणं समजून घ्यायचे.

आमच्या शेजारी सोपानराव राहतात. निवृत्त ग्रामसेवक. तीस वर्षं त्यांनी गावोगावच्या लोकांना कुठल्या अर्जाला कुठलं तिकीट लावायचं ते सांगितलं आणि निवृत्त झाल्यावर सरकारनं हे काम बंद केलं तरी त्यांनी केलं नाही. रोज सकाळी माझा पेपर माझ्याआधी वाचायला ते येतात. एकदा तर गडबडीत येऊन म्हणाले, “ज्ञानेश, मयतीला निघालोय, जरा बऱ्यापैकी असंल ते मार.” मी मारलं. इटलीचं होतं. परत आल्यावर मला सांगतात, “लोकं विचारत व्हते कुठला सेंट म्हणून.” म्हणजे मयताकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मला या माणसाचा तेव्हाच राग यायला हवा होता. थोडा आलाही होता, पण मी तो पुढं ढकलला आणि तिथंच चुकलो.

तेवीस बाटल्या असून माझ्याकडं एकच नव्हती. व्हालमोर. आमच्या कंपनीत एकदा मशीन बसवायला एक फ्रेंच इंजिनियर आला होता, त्याच्या अंगाला हा वास होता. मी दोन दिवस काही ना काही निमित्त काढून त्याच्या मागं मागं फिरलो. कँटीनमध्ये त्याच्या शेजारी बसलो. शेवटी दुभाष्याला मध्ये घालून नाव विचारलं. त्यानं सांगितलं आणि वर हेही सांगितलं, की कंपनीनं हे अत्तर बनवणं केव्हाच बंद केलंय, त्याच्याकडचीही शेवटची बाटली आहे. त्यानंतर चार वर्षं मला दुसरं काही सुचलं नाही. हा वास मला का हवा होता ते मला सांगता येत नव्हतं. भूक लागल्यावर का लागली ते सांगता येतं का? हवा होता.

आमच्या स्टोअरमधला हौसराव मस्कतला नोकरीला लागला, त्याला मी दर पत्रात व्हालमोरची आठवण करायचो. २००३ च्या उन्हाळ्यात त्याला ती एका जुन्या दुकानात मिळाली. सीलबंद. त्यानं कुरिअर केली. कुरिअरवाल्यांची शाखा शिरूरला नव्हती, दौंडला होती, म्हणून मी रजा टाकून चौफुल्याला गाडी बदलून दौंडला गेलो. कुरिअरचं नाव मी सांगत नाही. त्यांचा माझ्यावर आधीच विश्वास नाही.

काउंटरवरचा माणूस खोक्यावरचं बारीक अक्षर वाचत बसला होता. “अल्कोहोल ऐंशी टक्के,” तो म्हणाला. “साहेब, रमला बेचाळीस असतंय.”

“ती दारू नाही. अत्तर आहे.”

“ऐंशी टक्के हाय आन् दारू न्हाई?”

“पीत नाहीत ती.”

“मंग एवढी कडक कशाला मागवली?” त्यानं खोकं उचलून मागच्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. मागच्या महिन्यात पार्सलमध्ये भलतंच काही सापडून त्याला पोलिसांनी दिवसभर बसवून ठेवलं होतं म्हणे. आता कागद असल्याशिवाय तो गंगाजळसुद्धा कुणाला देणार नव्हता. माझी चार वर्षांची वाट त्या पत्र्याच्या कपाटात आणि मी बाहेर. मला रडू आलं नाही, पण संताप असा आला की दौंडच्या उन्हात मी एसटी स्टँडपर्यंत चालत गेलो आणि बसलो ती उलट्या दिशेच्या गाडीत.

कागद कुणाचा आणायचा, हा प्रश्न मी सोपानरावांना विचारला नव्हता. त्यांनी मला तो माझ्या चेहऱ्यावरून विचारला. दुसऱ्या दिवशी ते बरोबर यायला तयार होऊन बसले होते, डोक्याला टोपी आणि हातात प्लॅस्टिकची फाइल. एसटीनं आपल्याला झेपायचं नाही म्हणून त्यांनी परस्पर माझ्या चुलतभावाला, संपतला, जीप घेऊन बोलावलं होतं. संपत शिरूर ते कवठे येमाई वडापची जीप चालवतो. दहाच्या जीपमध्ये सतरा बसवतो आणि सतराही जणांना प्रत्येकाची बातमी पुरवतो. अशा माणसाला सोपानरावांनी माझ्या खाजगी कामाला आणलं.

दौंडच्या ज्या कचेरीत आम्ही गेलो तिचंही नाव सांगत नाही, कारण माझी फाइल तिथं अजून आहे. तिथले भाऊसाहेब खुटबावचे होते आणि स्वभावानं चांगले होते, हेच वाईट झालं. वाईट माणसाशी भांडता येतं.

“हे अत्तर आहे असं लिहून द्या,” मी म्हणालो.

“त्याला तपासणी लागंल. अर्धी बाटली पुण्याला जाईल. तीन म्हैने धरा.”

“आणि उरलेली अर्धी?”

“ती फेरतपासणीला ठेवाया लागती.”

“मग मी पीत नाही असं तरी लिहून द्या.”

भाऊसाहेबांना खरोखर वाईट वाटलं. “साहेब, आमच्याकडं पिणाऱ्याचा फॉर्म हाय. न पिणाऱ्याची आमी नोंद ठिवत न्हाई.”

इथं सोपानराव पुढं सरकले. तीस वर्षांच्या नोकरीचं सार त्यांनी एका वाक्यात सांगितलं: “फॉर्म ज्याचा हाय तेच काम करावं.” पिण्याचा परवाना काढला की ऐंशी टक्केवाली एक बाटली बाळगायला कुणाच्या बापाची हरकत नाही. परवाना एक दिवसाचाही मिळत होता. मी एक दिवसाचाच मागितला. “एक दिवसाचा?” सोपानराव म्हणाले. “आन् उद्या हौसरावनं दुसरी पाठवली म्हंजी? आजन्म काढ. फुटकळ कामं करू नये माणसानं.”

मी आजन्म काढला. का काढला ते विचारू नका. पलीकडच्या गल्लीत माझी बाटली होती आणि कपाट पत्र्याचं होतं आणि बाहेर चाळीस डिग्री ऊन होतं. अत्तर आतल्या आत नासत होतं. त्या क्षणी मला कुणी फाशीचा फॉर्म दिला असता तरी मी सही केली असती.

फॉर्ममध्ये कारणाच्या रकान्यात मी ‘अत्तर’ लिहिलं, ते भाऊसाहेबांनी खोडून ‘प्रकृतीसाठी’ केलं. दोन ओळखीच्या माणसांच्या सह्या लागत होत्या. सोपानरावांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘सदर इसमास मी जातीने ओळखतो. इसम निर्व्यसनी असून पिण्यास योग्य आहे.’ दुसरी सही संपतनं केली. सही करताना तो माझ्याकडं बघून असा हसला, की मला ती सही फाडून टाकावीशी वाटली.

बाटली मिळाली. काळपट काच, जड बूड, बुचावर शिक्का. घरी आल्यावर मी ती हातात घेऊन बसलो, उघडली नाही. उघडायची नसते. साधनानं विचारलं, “वास तरी बघणार का?” मी म्हणालो, “तुला कळणार नाही.” त्यानंतर दोन दिवस घरात भाजीत मीठ नव्हतं. तरी ते दोन दिवस माझ्या आयुष्यातले बऱ्यापैकी सुखाचे होते.

तिसऱ्या दिवशी संपतची बातमी कंपनीत पोचली आणि मॅनेजरनं बोलावून थिनरच्या गोदामाच्या चाव्या माझ्याकडून काढून घेतल्या. “काही नाही, तात्पुरतं,” ते म्हणाले, “तुमची प्रकृती जरा सुधारू दे.” अकरा वर्षांत माझ्या स्टोअरमधला एक नटबोल्ट कमी भरला नव्हता. मी परवान्याची सगळी हकिगत सांगितली. ती सांगताना लक्षात आलं, की अशी हकिगत फक्त पिणारा माणूसच रचू शकतो. संध्याकाळी सोपानराव व्यसनमुक्ती शिबिराचं पत्रक घेऊन आले. ज्यांनी मला पिण्यास योग्य ठरवलं तेच. “मी न्हाई म्हणत तू पितोस,” ते म्हणाले, “पर लोकं म्हणत्यात तर जाऊन ये. तीन दिवस जेवण चांगलं असतंय.” मी त्यांच्या तोंडावर दार लावलं. पहिल्यांदाच. बाहेरून ते म्हणाल्याचं ऐकू आलं, “पिल्यावर आसंच व्हतं.”

आणि शनिवारी मी पहिल्या पाळीवरून आलो, कपाट उघडलं, तर बाटली नव्हती.

“आबा आले होते,” साधना म्हणाली. आबा म्हणजे माझे वडील, गेणबा. ते कवठे येमाईला असतात. आमचं कुळ मेंढरं राखणारं. आता कॅनॉलच्या पाण्यावर कांदा करतात, पण आबांनी हट्टानं पंचवीस-तीस मेंढरं ठेवलीत. “पाणीसुद्धा घेतलं नाही त्यांनी. म्हणाले, नवी विलायती आणलीय ती कुठाय. मी दिली.”

“तू दिलीस?”

“सासऱ्यांना नाही म्हणू?” ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, “आणि खरं सांगू का, मला बरं वाटलं. कुणीतरी विचारलं तरी.”

मी तसाच कंपनीच्या कपड्यात, बुटासकट बाहेर पडलो. कवठ्याला जायला त्या वेळी संपतचीच जीप होती. आत शिरलो तर मधल्या सीटवरच्या दोन बायांनी मुकाट्यानं सरकून जागा केली. शिरूर ते कवठे असं मला कधी कुणी बसायला दिलं नव्हतं. एक म्हातारा माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, “सोडा आता दादा. पोरंबाळं हायती.” मागून कुणीतरी लिंबू पुढं केलं. संपत आरशात बघत म्हणाला, “मी कुणाला काय बोललो न्हाई बरं का, ज्ञाना. लोकांनीच इचारलं.” मी ते लिंबू हातात धरून बसलो. फेकलं असतं तर तेही पिण्यात जमा झालं असतं.

घरी आई दारात होती. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि पदर डोळ्याला लावला. “आई, मी पीत नाही,” मी म्हणालो. “व्हय रं बाबा,” ती म्हणाली, म्हणजे तिलाही खरं वाटलं नव्हतं. आबा मागं वाडग्यात होते.

वाडगं म्हणजे मेंढरं कोंडायची काटेरी कुंपणाची जागा. तिथं एका कोपऱ्यात आबा उकिडवे बसले होते. त्यांच्या पुढ्यात एक मेंढी दाव्याला बांधलेली, तिच्याजवळ दोन दिवसांचं कोकरू, आणि आबांच्या हातात, बूच उघडलेली, शिक्का फोडलेली, अर्ध्याहून जास्त रिकामी झालेली माझी व्हालमोर.

“वरडू नगंस,” मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले. “आत्ता कुठं लावून घ्याय लागलीया.”

झालं होतं ते असं. त्यांच्याकडं एक मेंढी व्याली आणि मेली. तिचं कोकरू उरलं. दुसरी व्याली, तिचं कोकरू मेलेलं निघालं. एकीला दूध, दुसऱ्याला भूक. पण मेंढी आपलं पोर वासानं ओळखते, परक्याला कासेला येऊ देत नाही, ढुशी मारून लोळवते. अशा वेळी आमच्यात मेंढीच्या नाकाला आणि कोकराच्या पाठीला हातभट्टीची दारू चोळतात. दोघांना एकच उग्र वास आला की तिचा गोंधळ होतो आणि ती त्याला आपलं म्हणते. आबांनी जन्मात दारू तोंडाला लावलेली नाही, गावातला गुत्ता बायकांनी मोडलेला. कोकरू दीड दिवस उपाशी होतं. तेवढ्यात संपतनं सांगितलं, ज्ञानानं ऐंशी टक्केवाली विलायती आणलीय, सरकारच्या परवानगीनं. आबा म्हणाले, पोराचं पिणंबी सुटंल आन् कोकरूबी जगंल. पहिल्या जीपनं शिरूरला आले.

“आबा, ती दारू नाही,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. “अत्तर आहे. जगात मिळत नाही ते आता. चार वर्षं मी त्याची वाट बघितली.”

“उघडल्यावं कळलं मला. म्या काय येडा हाय?”

“मग का ओतलंत?”

“कोकरू मरत व्हतं.”

ते ऐकून माझा तोल जास्तच गेला. जे कधी बोलायचं नाही असं ठरवलं होतं तेच बोललो. म्हणालो, “आठवीत शिरूरच्या बोर्डिंगात माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही, ठाऊक आहे तुम्हाला? मेंढराचा वास येतो म्हणायचे. मी दोन-दोनदा आंघोळ करायचो. साबण चोरला मी एकदा. वीस वर्षं मी या वाडग्याचा वास अंगावरून काढतोय, आणि तुम्ही माझं अत्तर आणून या वाडग्यातच ओतलंत.”

मेंढीनं मान वळवून कोकराची पाठ हुंगली. कोकरू कासेला चिकटलं होतं, शेपटी हलत होती. आबांनी तळहातावर दोन थेंब घेतले, चोळले आणि नाकाशी नेले. डोळे मिटून बराच वेळ ते तसेच बसले. मी पुस्तकं वाचून, पुण्याच्या दुकानांत उभं राहून अत्तर हुंगायला शिकलो. माझ्या बापाला असं हुंगताना मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि तो माझ्यापेक्षा किती चांगला हुंगतो ते मला दिसत होतं.

“वर लिंबू हाय,” ते म्हणाले. “त्ये उडून जातंय लगीच. मंग तंबाखूचं पान, वाळल्यालं. त्येबी जातंय.” मग त्यांनी हात माझ्यापुढं धरला. “आन् बुडाला काय ऱ्हातंय ते तूच सांग.”

मी हुंगलं. आधी लिंबू गेलं, मग तंबाखू गेली. खाली जे उरलं ते उबदार होतं, थोडं खारट, थोडं आंबूस. ओली लोकर. वाळलेल्या लेंड्या. आईच्या घोंगडीची घडी. मी दोनदा हुंगलं, तिसऱ्यांदा हुंगलं. फ्रान्समधल्या कुठल्या माणसानं कशातून काढलं असेल ते, देव जाणे. पण ते आमचं वाडगं होतं, दुसरं काही नव्हतं.

“म्हणून तर मेंढीनं एवढ्या लवकर घेतलं,” आबा म्हणाले. “दारूला दोन दिस लागत्यात.” मग हात धोतराला पुसत, माझ्याकडं न बघता म्हणाले, “ह्योच वास पायजे व्हता, तर यायचं व्हतंस की घरला. चार वर्सं कशाला थांबलास?”

मला त्यांचा राग आला. संपतचा आला, सोपानरावांचा आला, त्या बोर्डिंगातल्या पोरांचा आला, फ्रेंच इंजिनियरचासुद्धा आला. आणि ज्यानं वीस वर्षं अंग घासलं त्याचा सगळ्यात जास्त आला. बाटली आबांनी बूच लावून छपराच्या वाशात खोचली. अजून दोन मेंढ्या व्यायच्या होत्या.

मी खाली वाकलो तसे आबा म्हणाले, “हितं बसू नगंस. पँटीला वास लागंल.”

मी बसलो.